चेहरा, गणवेश आणि क्षुल्लक तपशील

युद्धकाळातील जुन्या छायाचित्रांत शिरस्त्राण हे बहुधा वाचकाला सापडणारे पहिले भरवशाचे चिन्ह असते. फ्रान्सने माथ्यावर उभी धार असलेले एड्रियन हेल्मेट 1915 मध्ये वापरात आणले. ब्रिटनचे उथळ, परातीसारखे ब्रॉडी हेल्मेट त्याच वर्षीचे. कान आणि मान झाकणारे जर्मनीचे पोलादी शिरस्त्राण 1916 मधले. मथळा हरवलेले चित्र कोणत्या सैन्याचे आणि कोणत्या वर्षाच्या आधीचे नसावे, याचा अंदाज निव्वळ आकारावरून बांधता येतो. इटली व बेल्जियम यांनीही फ्रेंच घडणीचे हेल्मेट स्वीकारल्यामुळे तेथे कपाळावरचे बोधचिन्ह तपासावे लागते. हे वाचन एका चिन्हव्यवस्थेचे वाचन आहे. व्यवस्था ठाऊक असली की चिन्ह उलगडते.

परंतु ‘हा सैनिक कोणत्या सैन्याचा?’ या प्रश्नाकडून ‘हा मनुष्य कोण?’ या प्रश्नाकडे वळताच ही व्यवस्था मूक होते. गणवेशाचे प्रयोजनच मुळी माणसामाणसांतील भेद पुसण्याचे असते. ज्या वस्तूने व्यक्ती झाकली तीच वस्तू व्यक्तीची ओळख कशी देणार, हा पेच एका अतिपरिचित छायाचित्राच्या संदर्भात अनेक दशके अनुत्तरित होता. किंबहुना, तो पेच आहे हेच फारसे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

23 फेब्रुवारी 1945 रोजी इवो जिमा बेटावरील सुरिबाची पर्वताच्या माथ्यावर सहा अमेरिकन सैनिक ध्वज उभारीत असताना जो रोझेन्थाल यांनी टिपलेले हे छायाचित्र. त्या दिवशी तेथे दोन ध्वज उभारले गेले; हे चित्र दुसऱ्या, मोठ्या ध्वजाचे. त्यातील चेहरे हेल्मेटांच्या छायेत, दंडांच्या आड किंवा पाठमोरे आहेत; एक आकृती तर जवळपास संपूर्ण झाकली गेली आहे. चित्राचे सामर्थ्य याच अनामिकतेत होते. चेहरे नसल्यामुळेच ते कोणाचेही होऊ शकले. तथापि युद्धकर्जाच्या प्रचारासाठी शासनाला नावे हवी होती, आणि ती देण्यात आली. त्यांतले एक नाव चुकीचे असल्याचे 1947 मध्येच मान्य करावे लागले: हँक हॅन्सन यांच्या जागी हार्लन ब्लॉक हे नाव आले. दोघेही त्याच बेटावर मारले गेले होते.

उरलेल्या यादीला मात्र कालांतराने संहितेची प्रतिष्ठा लाभली. फेलिक्स डी वेल्डन यांच्या शिल्पाने तिला ब्राँझचे रूप दिले. 10 नोव्हेंबर 1954 रोजी आर्लिंग्टन येथे अनावरण झालेल्या या स्मारकासाठी हयात मानल्या गेलेल्या तिघांनी, म्हणजे जॉन ब्रॅडली, रेने गॅन्यो आणि आयरा हेझ यांनी, शिल्पकारासमोर बसून आपले चेहरे दिले. छायाचित्राने जे झाकले होते ते शिल्पाने उघड केले. मूळ संहितेतील रिकामी जागा भाष्यकाराने भरून काढली. पुढे ब्रॅडली यांच्या मुलाने 2000 मध्ये पुस्तक लिहिले, 2006 मध्ये त्यावर चित्रपट आला. वडील या प्रसंगाविषयी आयुष्यभर फारसे बोलले नाहीत, ही गोष्ट त्या कथनात त्यांच्या विनयाची खूण ठरली.

या साऱ्या भाष्यपरंपरेला तडा गेला तो अत्यंत क्षुल्लक तपशिलांमुळे. ध्वज उभारल्यानंतर थोड्याच वेळात रोझेन्थाल यांनी 18 जणांचे एक समूहचित्र घेतले होते. त्यात चेहरे स्वच्छ दिसतात. दोन हौशी अभ्यासकांनी ही चित्रे शेजारी ठेवून गणवेश तपासले. त्यांचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. नौदलाचे वैद्यकीय सहायक असलेल्या ब्रॅडली यांच्या विजारीचे तळ समूहचित्रात घट्ट दुमडलेले आहेत. ध्वजचित्रात ज्या आकृतीला त्यांचे नाव दिले होते तिची विजार दुमडलेली नाही. तिच्या कमरपट्ट्याला तार कापण्याची पक्कड आहे आणि हेल्मेटखाली कापडी टोपी आहे. ही सामग्री फ्रँकलिन सूस्ली यांची होती. मग आजवर सूस्ली मानली गेलेली आकृती कोणाची? तिच्या हेल्मेटच्या आतल्या कवचाचा पट्टा डाव्या बाजूला सुटून लोंबत होता. समूहचित्रात तसाच लोंबता पट्टा हॅरल्ड शुल्ट्झ यांच्या हेल्मेटला आहे. जून 2016 मध्ये मरीन कोअरने ब्रॅडली यांचे नाव वगळून शुल्ट्झ यांचे नाव मान्य केले. ऑक्टोबर 2019 मध्ये गॅन्यो यांच्या जागी हॅरल्ड केलर यांचे नाव आले; तेथे बोटातली विवाहाची अंगठी साक्षीला आली.

हेल्मेट सर्वांचे सारखेच. सुटलेला पट्टा मात्र एकाचाच. म्हणजे ओळख पटली ती गणवेशाच्या नियमामुळे नव्हे, तर नियम पाळताना राहून गेलेल्या ढिलाईमुळे. एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली चित्रांचे कर्तृत्व ठरवताना कानाच्या पाळ्या आणि नखे पाहत असे, कारण तेथे चित्रकाराचा हात बेसावध असतो. कार्लो गिन्झबुर्ग यांनी 1979 मधील निबंधात याच रीतीत ज्ञानाचा एक वेगळा आदर्श पाहिला. पाठचिकित्सकही लेखनिकाला ओळखतो तो त्याच्या खोडींवरून. रोलाँ बार्थ यांना छायाचित्रात बोचणारा तपशील मात्र निराळ्या जातीचा आहे. तो पाहणाऱ्याच्या मनाशी बांधलेला असतो. लोंबणारा पट्टा कोणालाही बोचत नाही. लाखो लोकांनी तो पाहिला आणि निरर्थक म्हणून सोडून दिला. त्याच्या निरर्थकतेनेच त्याला भाष्यापासून सुरक्षित ठेवले.

येथे वाचनाचा प्रश्न नैतिक होतो. ब्रॅडली यांचे मौन तेच आहे, परंतु 2016 नंतर ते विनयाचे मौन म्हणून सहजपणे वाचता येत नाही. आणि त्याला लबाडी म्हणणे हेही तितकेच उतावळे वाचन ठरेल. पहिल्या ध्वजाच्या वेळी ते तेथे होते, दोन प्रसंगांची सरमिसळ मनात झालेली असू शकते. शुल्ट्झ यांचेही मौन आहे. लॉस एंजेलिसच्या टपालखात्यात नोकरी करून ते 1995 मध्ये वारले. सावत्र मुलीजवळ त्यांनी ही गोष्ट एकदा बोलता बोलता सांगितली, एवढेच. एका मौनावर ग्रंथ उभा राहिला, दुसऱ्याची कोणी दखल घेतली नाही. सूस्ली तर 21 मार्च 1945 रोजी त्याच बेटावर मरण पावले. मृत्यूनंतर सात दशकांनी ते त्याच चित्रात एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले.

ज्या दुमडलेल्या विजारीने ब्रॅडली यांना ध्वजचित्रातून बाहेर काढले, तीच विजार समूहचित्रात ते त्या दिवशी पर्वतमाथ्यावर होते याचाही पुरावा आहे. तपशील दोन्ही गोष्टी सारख्याच अलिप्ततेने सांगतो. त्यांतली एकच ऐकून थांबणाऱ्या वाचकाचे वाचन ब्राँझच्या चेहऱ्यांइतकेच अपुरे राहील.