आत्याच्या मंडळीतला एक रविवार

नगरच्या तारकपूर स्टँडवरून संभाजीनगरकडे जाणारी एसटी इमामपूरचा घाट उतरून पांढरीपुलाला आली, की आमच्या सौभाग्यवती पिशव्या आवरायला लागतात. मी दरवेळी सांगतो, अगं, अजून घोडेगाव जायचे आहे, मग वडाळा. (सरकारी कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर झाले, पण कंडक्टर अजून नगरच म्हणतो आणि आम्हीही.) वडाळ्याच्या अलीकडे फाट्यावर उतरायचे आणि मुळा धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या उसातून आत चालत जायचे. गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघे असेच गेलो. आत्याचा निरोप होता, "हंगामाचा सण हाय, या. रिकाम्या हातानं येऊ नका."

आत्या आमच्या वडिलांच्या भावकीतली. वय ऐंशीच्या पुढे. तिचे पणजोबा आणि आमच्या वडिलांचे पणजोबा सख्खे भाऊ. घरात सांगतात ते असे, की १८७६-७७ च्या दुष्काळात दोघे खडी फोडायच्या कामावर होते. धाकट्याने मिशनवाल्यांकडे बाप्तिस्मा घेतला, थोरला येसकरकीला चिकटून राहिला. थोरल्याच्या घराने १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारला. म्हणून आत्याकडे गेले की ती "सलाम" म्हणते, आम्ही "जयभीम" म्हणतो, आणि मग दोन्हीकडून एकच प्रश्न निघतो, गुडघे कसे आहेत?

या भागाला मिशनची ओळख जुनी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे केले. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ मध्ये नगरातूनच निघाले. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळाही तिथलीच. ती पाहून आल्यावर जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. वडाळा हे त्या मिशनचे खेड्यातले एक ठाणे.

आत्याच्या गावचे चर्च म्हणजे लांबट खोली, वर पत्रे, पुढे लोखंडी चौकटीला टांगलेली घंटा. घरे चाळीसच्या आत. पाळकसाहेबांकडे चार गावे, त्यामुळे ते एक रविवार आड येतात. ते नसतील त्या रविवारी निवृत्त शिक्षक असलेले एक पंच उपासना चालवतात. चपला बाहेर, खाली सतरंजी, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. पेटी, ढोलकी आणि झांज. डोळे मिटून ऐकले तर भजनाला बसल्यासारखे वाटते. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे नगरला राहिले, आणि त्यांनी ओवी-अभंगाच्या चालीत पुष्कळ गीते लिहिली. ती या लोकांना तोंडपाठ आहेत. आत्याला अक्षरओळख बेताची, पण पुस्तक उघडे धरून ती एक शब्द न चुकता गात होती. पुस्तक उलटे होते, हे सौ.ने मला नंतर सांगितले.

त्या दिवशी वेदीपुढे बाजरीची कणसे, कापसाची बोंडे, भुईमूग, उसाच्या मोळ्या, भोपळे, अंडी आणि पाय बांधलेला एक कोंबडा ठेवला होता. प्रवचनात येशूने सांगितलेली गरीब विधवेची गोष्ट आली. तिने मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकल्या. टोली म्हणजे अगदी हलके नाणे. कोंबडा मध्येच आरवला आणि पोरे हसली. पाळकसाहेबही हसले.

मला खरे कुतूहल होते ते इथल्या दानाचे. उपासनेत मखमली थैली फिरते. तिच्यात कोणी काय टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही. पण महिन्याची वर्गणी नाव घातलेल्या पाकिटात येते, आणि ती वहीत चढते. तिसरी रीत बायांची. आत्याच्या चुलीशेजारी एक पत्र्याचा डबा आहे. भाकरीचे पीठ मळायच्या आधी ती एक मूठ त्यात टाकते. महिनाअखेरीस महिला मंडळाच्या बाया ते पीठ, तांदूळ गोळा करतात, आणि ज्या घरी दुखणे असेल तिथे पोचवतात. "आन् तुझ्याच घरात कमी पडलं तर?" मी विचारले. "तवा त्या आणून देत्यात की. दोनदा खाल्लंय मी त्या डब्यातलं." हे ती सहज बोलली. मला मात्र पुढे काही विचारवेना.

उपासना संपल्यावर बाहेर लिंबाखाली लिलाव. लिलाव पुकारणारा एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, आवाज हॉर्नसारखा. यातली गंमत अशी, की घेणारा माणूस वस्तू विकत घेतो आणि पुष्कळदा तिथेच परत ठेवतो, "पुन्हा लावा." एक भोपळा असा तीनदा विकला गेला. शेवटी तो आमच्या गळ्यात पडला, दोनशे साठ रुपयांना. सौ.ने माझ्याकडे पाहिले ते मी इथे लिहीत नाही. कोंबडा साडेसातशेला गेला. एकूण रक्कम जमली अकरा हजार तीनशे चाळीस.

मग सभा. सेक्रेटरींनी उभे राहून वर्षाचा हिशेब वाचला. जमा, खर्च, डायोसिसला पाठवलेला पाळकांच्या पगाराचा वाटा, वीजबिल, अगदी ढोलकीच्या दुरुस्तीचे चारशेसुद्धा. कुणीही उठून विचारत होते. आमच्या वस्तीत गेल्या जयंतीचा हिशेब अजून यायचा आहे, म्हणून मी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकत होतो.

वाद पेटला तो पुढच्या विषयावर. पत्रे गळतात, म्हणून तीन वर्षे पैसे साठवले होते. आजचे धरून सत्तावन्न हजार. आणि मंडळीतल्या एका मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पंचवीस हजारांचा हप्ता आठ दिवसांत भरायचा होता. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, उचल आधीच खर्ची पडलेली. सेक्रेटरी म्हणाले, "पत्र्याचा पैसा पत्र्यालाच. पुढल्या पावसाळ्यात पेटी भिजली तर कुणाला बोलायचं?" मुद्दा चुकीचा नव्हता. पण मागून कोणीतरी हळूच बोलले, "आपल्यातली असती तर दिले असते." सभा एकदम गप्प झाली.

त्याचा अर्थ मला आत्याने रात्री सांगितला. मुलीचे घर मूळचे मातंग, सेक्रेटरींचे आमच्यासारखेच महार. प्रभुभोजनाची भाकर दोघे एका ताटातून घेतात, कित्येक पिढ्या घेत आले आहेत. पण सोयरीक जमवताना 'मूळचे कोण' हा प्रश्न अजून निघतोच. "चर्चात एक रांग, मांडवात दोन," आत्या म्हणाली. सेक्रेटरींच्या मनात तेच होते की खरोखर पत्रेच होते, हे मी सांगू शकत नाही. आत्याही सांगू शकली नाही. आणि आपल्याकडे हा प्रश्न निघत नाही, असे तरी मी कुठल्या तोंडाने म्हणू?

आणखी एक गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो अजून मिळालेला नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली होती, ती तशीच पडून आहे. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात धरतात. एकाच खापरपणजोबाची नातवंडे, पण माझा मुलगा ज्या शिष्यवृत्तीवर आयटीआय शिकला ती आत्याच्या नातवाला लागू झाली नाही. तेव्हाही हप्ता याच मंडळीने भरला होता. आत्याने ते सभेत उठून सांगितले. गुडघ्यावर हात ठेवून, दोनच वाक्यांत.

हात वर करून मोजणी झाली. मुलीच्या बाजूने एकवीस, विरुद्ध बारा. सेक्रेटरी विरुद्ध होते. पण ठराव लिहायचे काम त्यांचेच. त्यांनी चष्मा पुसला, वहीत ठराव लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. मग खाली बसताना म्हणाले, "ताडपत्री तरी आणावी लागेल." त्यावर कोणीच बोलले नाही. नंतर जेवणाच्या पंगतीत ते आणि मुलीचा चुलता शेजारी बसलेले मला दिसले. बोलत मात्र नव्हते.

दुसऱ्या दिवशी निघताना आत्याने भोपळ्याचा अर्धा भाग कापून ठेवून घेतला. "येवढा कुठं न्यायचा पुण्याला?" म्हणाली आणि उरलेला अर्धा धडप्यात बांधून दिला. फाट्यावर एसटी तासभर आली नाही. आली तेव्हा उभे राहायलाच जागा होती. भोपळा सौ.च्या हातात, पिशव्या माझ्या. घोडेगावला बाजाराची माणसे चढली, त्यातल्या एका आजोबांनी विचारले, "कसा दिला हो भोपळा?" सौ. म्हणाली, "दोनशे साठ. अर्धाच हाय." आजोबा पांढरीपूल येईपर्यंत आमच्याकडे बघत होते.