तिसरी पिन

रत्नागिरीकडच्या आमच्या कौलारू घरात पावसाचे भय श्रावणात कधी वाटले नाही. श्रावणसरी येतात, जातात. त्या गडगडत नाहीत. गडगडतो तो वैशाखातला वळीव, आणि नंतर परतीच्या वाटेवरचा हस्ताचा पाऊस. डोंगरामागे पहिला काळा ढग वर आला, की अण्णा हातातले काम टाकून माजघरात जात आणि रेडिओची पिन काढून ठेवीत. १९८७ साली ‘रामायण’ मालिकेपायी घरात टीव्ही आला, तेव्हापासून हा मान आधी त्याला मिळू लागला. अँटेनाची वायरसुद्धा ते सोडवून ठेवीत. आम्हां मुलांना या लगबगीचे हसू येई.

त्यांचा आणखी एक नेम आम्हांला उमगत नसे. परसात, भिंतीच्या कडेला, जमिनीतून एक लोखंडी नळी वर आलेली होती. उन्हाळाभर रोज संध्याकाळी अण्णा तिच्यात कळशीभर पाणी ओतीत. विहीर तळाला गेलेली असे, आई कुरकुरत असे. पण नेम चुकला नाही. ना पान ना फूल, अशा नळीला पाणी घालणारा माणूस म्हणून गावातही त्यांची थोडी थट्टा होई.

अण्णा गेले. मी नोकरीपायी भोपाळला स्थिरावलो. आई गाव सोडायला तयार झाली नाही. संध्याकाळचा टीव्ही हीच तिची सोबत. मागच्या वैशाखात फोनवर ती सहज म्हणाली, “काल रात्री वीज कडाडत होती, तशीच उठले नि टीव्हीची पिन काढली. काळोखात उंबऱ्याला अडखळले, एवढंच.” त्या ‘एवढंच’ने माझी झोप उडाली. गडगडाट ऐकू येतो त्याअर्थी वीज फार लांब नसते, आणि त्या घटकेला तारेशी जोडलेल्या वस्तूला हात लावणे हेच मोठ्या जोखमीचे. टीव्ही वाचवायला ती स्वतः पुढे झाली होती.

मी दुकान गाठले. दुकानदाराने तीन वस्तू पुढे मांडल्या. पहिली, पुष्कळ भोके असलेली साधी पट्टी. ती फक्त वीज वाटते, वाचवत काहीच नाही. दुसरा स्टॅबिलायझर, तो २३० व्होल्टचा दाब हळूहळू उतरला-चढला तर सावरतो, पण सेकंदाच्या लाखाव्या हिश्शात येऊन जाणाऱ्या उसळीपुढे त्याला हलायलाही वेळ मिळत नाही. शिवाय आजचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब आपले आपणच सांभाळतात. तिसरा सर्ज प्रोटेक्टर. त्याच्या पोटात झिंक ऑक्साइडची, नाण्याएवढी चकती असते. एरवी ती वीज अडवून गप्प बसते. दाब मर्यादेबाहेर गेला, की क्षणात वाट मोकळी करून ती उसळी दुसरीकडे वळवते. प्रत्येक आघाताबरोबर ती थोडी झिजते, म्हणून दिवा विझला की पट्टी बदलायची. डिशची वायर जोडायची सोय असलेला प्रोटेक्टर मी निवडला, कारण उसळी त्या वाटेनेही येते. पैसे मोजताना कर्तव्य पार पडल्याचे समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

गावी वायरमनने तो हातात घेतला, भिंतीवरचा सॉकेट उघडला आणि विचारले, “भाऊ, हा वळवणार कुठे?” तिसऱ्या भोकामागची वायर पुढे परसात गंजून तुटली होती. नळीभोवतीचा जांभा भाजल्यासारखा कोरडा होता. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की अण्णा अर्थिंगला पाणी घालीत होते. कोरडी जमीन वीज सहज घेत नाही. आणि वळीव तर जमीन सर्वांत कोरडी असतानाच येतो. त्यांच्यामागे त्या नळीत कोणी थेंबही ओतला नव्हता. तीन पिनांतली ही तिसरीच सर्वांत लांब आणि जाड असते. ती सर्वांआधी जोडली जावी आणि सर्वांनंतर सुटावी म्हणून.

दोन दिवस खणून नवा खड्डा केला, नळीभोवती मीठ-कोळसा भरला, नवी वायर ओढली. वायरमनने बजावले, की वीज जवळ कोसळली तर ही पट्टीही पुरी पडणार नाही. पिन काढणेच खरे, पण आभाळ भरण्यापूर्वी. मी आईला म्हटले, “आता रात्री उठायचं नाही. उन्हाळ्यात दुपारीच पिन काढून ठेवायची. राहून गेली तर राहू दे, टीव्ही जळू दे.”

आई म्हणाली, “अरे, तुझे अण्णा काय दुसरं सांगत होते?”

हल्ली वैशाखात मी रोज संध्याकाळी फोन करतो. पूर्वी तब्येत विचारून फोन ठेवत असे. आता आधी विचारतो, नळीत पाणी घातलेस का. ती म्हणते, तुळशीच्या आधी.