तिकीट कोणाच्या हातात?

ऑनलाइन लॉटरीची तिकिटं काढून देणाऱ्यांवर विश्वास ठेवावा का, ते वकिलाच्या नजरेतून लिहा, असं संपादकांनी फोनवर सांगितलं. माझं उत्तर दोन शब्दांचं आहे: ठेवू नये. पण श्रावणात माझ्याकडे आलेल्या एका पक्षकाराचं तेवढ्यानं समाधान झालं नाही, आणि त्याचा प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

माणूस आंबेगाव तालुक्यातला, कांदा-टोमॅटो करणारा. २०२३च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट दोन हजारांच्या घरात गेलं, तेव्हा जुन्नर-आंबेगावात जो तो ‘अमक्याला लॉटरी लागली’ म्हणत होता. याचा प्लॉट भाव पडल्यावर तोडणीला आला. पुढं मोबाईलवर त्याला केरळ लॉटरीची तिकिटं ‘तुमच्या वतीनं’ काढून देणारे भेटले. तिकिटाचा फोटो यायचा. एकदा दोनशे रुपये खरोखर जमा झाले. मग पाच लाख लागल्याचा निरोप आला, पण आधी टॅक्स भरा म्हणून. कांद्याच्या पट्टीचे पैसे त्यानं तीन वेळा पाठवले.

घोडेगावच्या कोर्टाबाहेर बाकावर बसून तो म्हणाला, “वकीलसाहेब, पैसं गेलं ते गेलं. पण नंबर खरा व्हता का, तेवढं सांगा.”

नंबर खरा असेलही. पण केरळची लॉटरी कागदी तिकिटावर चालते. तिथं एकच सहा आकडी नंबर अनेक मालिकांत छापलेला असतो. पहिलं बक्षीस एका मालिकेच्या तिकिटाला, उरलेल्यांना उत्तेजनार्थ. बक्षीस मागायला मूळ तिकीट ३० दिवसांच्या आत हजर करावं लागतं, म्हणून घेतल्या घेतल्या मागे नाव लिहून सही करायची असते. फोटो शंभर जणांना पाठवता येतो, कागद एकच असतो. तो दुसऱ्याच्या कपाटात असेल तर आपल्या हातात फक्त त्याचा शब्द उरतो. हा मध्यस्थ प्रामाणिक असला तरी यात फरक पडत नाही.

लोकांचा गोंधळ ‘ऑनलाइन’ या शब्दापासून सुरू होतो. लॉटरी विनियमन कायदा १९९८चा आणि त्याखालचे नियम २०१०चे. त्या नियमांतली ऑनलाइन लॉटरी म्हणजे केंद्रीय सर्व्हरला जोडलेल्या यंत्रावर निघणारं तिकीट. घरी बसून कुणाला तरी पैसे पाठवणं त्यात बसत नाही. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे राज्य सरकार तिकिटं स्वतः विकतं किंवा आपल्या वितरक आणि विक्रेत्यांमार्फत विकतं. आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९पासून चालू आहे, तीही याच चौकटीत. तरी पक्षकार मला जीएसटी नंबर दाखवून म्हणतात, बघा, सरकारमान्य आहे. जीएसटी नंबर ही कराची नोंद आहे, सचोटीचा दाखला नव्हे, हे सांगून मी थकलो आहे.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार शून्य असतो, म्हणजे त्यावर दावा चालत नाही. घोड्यांच्या शर्यतीच्या ठरावीक बक्षिसांपुरता अपवाद आहे. पण पैजेसाठी नेमलेल्या दलालाशी केलेला करार? १९५९ साली सर्वोच्च न्यायालयानं घेरूलाल पारख खटल्यात म्हटलं की असा जोडकरार देशात इतरत्र टिकतो, जुन्या मुंबई प्रांतात मात्र नाही, कारण इथं १८६५चा खास कायदा आहे आणि तो जोडकरारही शून्य ठरवतो. माझे काही वकीलमित्र म्हणतात, राज्य सरकारची लॉटरी ही पैजच नव्हे. मला ते पटत नाही. लॉटरी सरकारनं चालवली तरी तिचं जुगाराचं रूप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंच १९९९ साली बी. आर. एंटरप्रायझेस प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून माझं मत असं, की तिकीट घेऊन देणाऱ्यानं उद्या खरंखुरं बक्षीस दाबलं, तर कराराच्या आधारे ते वसूल करायला पुण्याच्या माणसाची बाजू केरळच्या माणसापेक्षाही लंगडी आहे. फसवणुकीची फौजदारी तक्रार वेगळी, ती करता येते. पण गुन्हेगाराला शिक्षा होणं आणि पैसे परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेच्या, युरोपच्या लॉटरीची तिकिटं काढून देणाऱ्यांबद्दल थोडक्यात. परकीय चलनाच्या २०००च्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून पैसे बाहेर पाठवायलाच बंदी आहे. तिथं फसलेला माणूस तक्रार करायला निघाला की आधी स्वतःचा नियमभंग सांगावा लागतो.

आणि तो टॅक्स. दहा हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर लागतो, पण तो बक्षीस देणारा आधी कापतो आणि उरलेली रक्कम देतो. जिंकणाऱ्यानं आधी खिशातून भरायचा असा कर नाही. हे एक वाक्य त्या माणसाला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर त्याची कांद्याची पट्टी वाचली असती.

तो माझ्याकडे आला तेव्हा शेवटचे पैसे पाठवून चाळीस दिवस झाले होते. तोवर ती रक्कम पुढच्या खात्यांतून निघून गेली होती. तुमच्या घरात असं घडलं, तर वकील शोधत बसू नका. त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा, फोटो आणि निरोप पुसू नका. माझ्याकडे त्यानंतर या.