गदेवर न कोरलेली नावे : महाराष्ट्र केसरी आणि मराठवाड्याची वस्ताद-परंपरा

१/ १९६१ साल. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरचे हे दुसरेच वर्ष. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका नव्या किताबासाठी कुस्त्यांचा फड भरला. किताबाचे नाव होते ‘महाराष्ट्र केसरी’ आणि पहिले मानकरी ठरले दिनकर दह्यारी. स्पर्धेच्या प्रत्येक यादीची सुरुवात या शहराच्या आणि या पैलवानाच्या नावाने होते. हा धागा मात्र त्या यादीत सहजी न दिसणाऱ्या नावांचा आहे.

२/ आरंभाचे ठिकाण अर्थपूर्ण होते. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ ची. तिच्यामागे मामासाहेब मोहोळ यांची खटपट होती. म्हणजे परिषद जन्मली तेव्हा हा प्रदेश दुसऱ्याच राज्यात होता. आणि ‘महाराष्ट्राचा सिंह’ ठरवणारी पहिली स्पर्धा झाली, ती याच नव्याने जोडलेल्या भूमीवर.

३/ कुस्तीच्या बोलीत मात्र ही सरमिसळ कितीतरी आधी झाली होती. ‘पैलवान’ फारसीतून आला. ‘वस्ताद’ हे ‘उस्ताद’चे मराठी रूप. ‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. मराठी माणसाने तो शिक्षणाच्या जागेलाच दिला. त्या तालमीच्या कोनाड्यात मारुती, हौद्यात लाल माती आणि मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. एवढ्याशा जागेत अनेक शतकांचा इतिहास घाम गाळत उभा असतो.

४/ पैलवानाच्या कारकिर्दीचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच राहिला आहे. गावच्या जत्रेत पहिली कुस्ती. बक्षीस रेवड्या किंवा नारळ. पोरात चमक दिसली की बाप त्याला तालमीत नेऊन वस्तादाच्या हवाली करतो. मग पहाटेचे जोर, बैठका, हौदा खणणे आणि वर्षानुवर्षांची लढत. घिस्सा, ढाक, एकचाक, धोबीपछाड हे डाव कोणी वहीत उतरवून घेत नाही. ते अंगात मुरवावे लागतात.

५/ या वाटेवर खर्च मोठा आणि खात्री काहीच नाही. दूध, तूप, बदाम हा खुराक कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला वर्षानुवर्षे पेलावा लागतो. गुडघा दुखावला की सारे संपते. जिंकत राहिला तर जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती त्याच्या वाट्याला येते. हलगी कडाडते, फेटा बांधला जातो. तिशी ओलांडली की शरीर ऐकेनासे होते. पुढची चाळीस वर्षे काय, हा प्रश्न हलगीच्या आवाजात ऐकू येत नाही.

६/ संस्थानी काळात या प्रश्नाला एक उत्तर होते : राजाश्रय. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, तालमी उभारल्या. खासबाग मैदान १९१२ पासून उभे आहे. संस्थाने विलीन झाली आणि ती सावली सरली. लोकशाहीत पैलवानाला कोणी सांभाळायचे? याचे पहिले ठळक उदाहरण खाशाबा जाधव यांच्या आयुष्यात दिसते.

७/ कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. मातीत वाढलेला हा पैलवान तिथे मॅटवर लढला. दोन्हींत मोठे अंतर आहे. जुन्या मातीतल्या कुस्तीला घड्याळ नसे. समोरच्याची पाठ टेकवणे, म्हणजेच चीतपट, हाच निकाल. मॅटवर वेळ मोजलेली, गुण मोजलेले. तिथे दमापेक्षा चपळाईला मोल अधिक.

८/ १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे उभे करणे हीच मोठी कुस्ती होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंत, कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, थांबावे लागले.

९/ स्वागताला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे पैसे फेडले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात फौजदार झाले. १९८४ मध्ये रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० सालचा, मरणोत्तर. मिरवणूक एका दिवसाची. सरकारी मान्यता यायला अर्धे शतक लागले.

१०/ आता पुन्हा मराठवाड्याकडे. औरंगाबादच्या त्या पहिल्या स्पर्धेनंतर आठ वर्षांनी, १९६९ मध्ये, महाराष्ट्र केसरीचा फड लातूरला भरला. किताब जिंकला निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगड या गावच्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी. घरच्या माणसांसमोर, घरच्या प्रदेशात. पुढच्याच वर्षी एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

११/ हा तो काळ, जेव्हा महाराष्ट्राचे मल्ल मातीत आणि मॅटवर एकाच वेळी नाव कमावत होते. १९५९ चे हिंद केसरी श्रीपती खंचनाळे. १९६० चे हिंद केसरी गणपतराव आंदळकर. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी दादू चौगुले यांनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवले.

१२/ यांतल्या बहुतेकांची ओळख त्यांनी मारलेल्या मैदानांवरून सांगितली जाते. बिराजदारांची ओळख आणखी एका गोष्टीने पुरी होते. लढणे थांबल्यावर ते पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले. चीतपट करणारे हात आता पोरांची पकड दुरुस्त करू लागले. २००६ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. हा जीवनगौरव होता. खेळ संपल्यावरही खेळासाठी राबणाऱ्याची तो दखल घेत असे.

१३/ पैलवान वस्ताद होतो तेव्हा नेमके काय घडते? त्याच्याजवळचे ज्ञान ग्रंथात नसते. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याची हालचाल कोणत्या क्षणी ओळखायची, वजन कोणत्या पायावर टाकायचे, हे फक्त एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे जाते. म्हणून वस्ताद शिष्य न घडवता गेला, तर त्याच्याबरोबर एक अख्खे ग्रंथालय जाते.

१४/ हे किती खरे आहे, ते पाहायला क्षणभर कंबोडियात जावे लागेल. तिथली पारंपरिक मुष्टी-लत्ता-झुंज म्हणजे ‘कुन ख्मेर’. अंगकोरच्या शिल्पपटांत मल्लांच्या आकृती कोरलेल्या आहेत. तिथे शिक्षकाला ‘क्रू’ म्हणतात. हा शब्द आपल्याच ‘गुरु’चे रूप. झुंजीआधी वाद्यांच्या सुरात गुरुवंदन होते. आपला पैलवान वस्तादाच्या पाया पडून माती कपाळाला लावतो, त्याच जातीचा हा संस्कार.

१५/ १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने ही झुंज बंद पाडली. अनेक मल्ल आणि गुरू त्या संहारात मारले गेले. मंदिरांवरची दगडी शिल्पे जागच्या जागी राहिली, पण नुसत्या शिल्पांवरून कोणाला लढता येत नाही. राजवट गेल्यावर जे थोडे जाणते मल्ल वाचले होते, त्यांच्याकडून ही विद्या पुन्हा उभी राहिली. परंपरा दगडात टिकत नाही. ती जिवंत माणसांच्या साखळीत टिकते.

१६/ मराठवाड्याची साखळी अखंड राहिली. लातूरच्याच मातीतले काका पवार बिराजदारांच्या तालमीत घडले, अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले आणि पुढे पुण्यात कात्रजजवळ स्वतःचे कुस्ती संकुल चालवू लागले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हा मुलगाही बिराजदारांकडे आला. त्याचे वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. पहिला गुरू घरातच होता.

१७/ राहुलने २००९ मध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकले. २०११ मध्ये बिराजदार गेले. ऐन उमेदीत वस्ताद हरपणे म्हणजे पैलवानाचा आधारच जाणे. काका पवारांनी त्याला आपल्या हाताखाली घेतले. गुरूचा एक शिष्य गुरूच्या दुसऱ्या शिष्याचा वस्ताद झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचे दार राहुलसाठी उघडले नाही. पैलवानाच्या आयुष्यात चार वर्षे म्हणजे जवळपास एक युग.

१८/ २०१८, गोल्ड कोस्ट, राष्ट्रकुल स्पर्धा. ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत राहुलने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवले. ते सुवर्ण त्याने दिवंगत बिराजदारांना अर्पण केले. एडिंबऱ्याच्या सुवर्णाला तेव्हा ४८ वर्षे झाली होती. गुरूचे पदक आणि शिष्याचे पदक, दोन्ही एकाच स्पर्धेतले. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्याने कांस्यही मिळवले. पण तो वजनगट ऑलिंपिकमध्ये नव्हता.

१९/ इथे एक गोष्ट ध्यानात येते. महाराष्ट्र केसरी हा वजनदार मल्लांचा किताब. आज त्या गटाची मर्यादा ८६ ते १२५ किलो आहे. खाशाबा ५७ किलोंचे, राहुलही ५७ किलोंचा. ऑलिंपिक पदक आणणाऱ्या मल्लाच्या वजनाला आणि जागतिक पदक आणणाऱ्या मल्लाच्या वजनाला या गदेच्या यादीत जागाच नाही. किताबाचा मान त्यामुळे उणावत नाही. पण केवळ ती यादी म्हणजे महाराष्ट्राच्या कुस्तीचा इतिहास, असे समजणाऱ्याच्या हातून बरेच निसटते.

२०/ उपजीविकेच्या प्रश्नालाही काळाने काही उत्तर शोधले. खाशाबा फौजदार म्हणून भरती झाले होते. राहुल आवारे, नरसिंग यादव, विजय चौधरी यांना राज्य शासनाने थेट पोलीस उपअधीक्षकपद दिले. पूर्वी जे काम संस्थानिकाची मर्जी करत असे, ते आता शासननिर्णय करतो. मात्र ही दारे शिखरावरच्या मोजक्यांसाठीच आहेत. जिल्हा पातळीवर थांबलेला पैलवान अजूनही शेतावर, दुकानात किंवा रखवालदारीत परततो.

२१/ औरंगाबादेत सुरू झालेली स्पर्धा २००७ मध्ये पुन्हा याच शहरात आली. तेव्हा चंद्रहार पाटील विजेते ठरले. आज स्पर्धेत माती आणि मॅट असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते किताबासाठी झुंजतात. म्हणजे १९४८ मध्ये लंडनला खाशाबांसमोर उभे राहिलेले अंतर आता एकाच मैदानात, एकाच आठवड्यात पार करावे लागते.

२२/ जानेवारी २०२०, पुण्याजवळ बालेवाडी. अंतिम लढत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. एक मॅट विभागाचा विजेता, दुसरा माती विभागाचा. दोघेही काका पवारांचेच शिष्य. रोज एकमेकांशी सराव करणारे दोन गुरुबंधू त्या संध्याकाळी एका गदेसाठी भिडले. सदगीरने ३-२ अशी बाजी मारली. एका गुणाचे अंतर.

२३/ निकालानंतर विजेत्याने पराभूताला खांद्यावर उचलून घेतले. त्या खांद्यावर बसलेल्या शेळकेचे नाव केसरींच्या यादीत नाही. काका पवारांचे नाही. राहुल आवारेचेही नाही. बिराजदारांचे आहे, १९६९ पुढे, एका ओळीत. पण त्या एका ओळीतून पुढची पन्नास वर्षे वाढली. पैलवानाची कारकीर्द मोजायची तर त्याने किती जणांना पाठीवर पाडले, एवढे मोजून भागत नाही. त्याच्या हाताखालून किती जण उभे राहिले, तेही मोजावे लागते.

२४/ जुन्या तालमीत कधी पाऊल पडले तर भिंतीकडे पाहावे. मारुतीच्या कोनाड्याशेजारी फेटेवाल्या, गदा घेतलेल्या मल्लांच्या तसबिरी असतात. काचेवर लाल मातीची धूळ. कोणाखाली नाव असते, कोणाखाली नसते. तालमीतल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारले तर तो प्रत्येकाचे नाव सांगेल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणाला कोणी शिकवले तेही. ते लिहून ठेवण्याचे काम अजून बरेच बाकी आहे.