भरून घेतलेली कॅसेट

महाडच्या बाजारपेठेत कंपनीच्या कॅसेट मिळायच्याच, पण आमची खरी हौस कॅसेट भरून घेण्याची. वहीच्या पानावर यादी लिहून दुकानदाराकडे द्यायची आणि चार दिवसांनी चकरा सुरू. साठ मिनिटांची कोरी कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. यादीतलं शेवटचं गाणं हमखास कडव्याच्या मध्यावर तुटायचं. आजही ते फोनवर पुरं वाजलं की पुढचा भाग परका वाटतो.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत टेप यायचा तो मुंबईच्या चाकरमान्यासोबत, गणपतीला. पावसात वीज गेली की सेलवर भिस्त. सेल उतरले की गाणारी बाईसुद्धा बाप्यासारखी घोगरी गायची. मग ते काढून चुलीच्या उबेला ठेवायचे, की आणखी दोन गाणी निघायची! आणि दमट हवेने फितीला पांढरी बुरशी धरली, की हेड पुसायला स्पिरिट आणि कापूस.

२० मार्चला, १९२७च्या सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी, चवदार तळ्याजवळच्या स्टॉलांवर भीमगीतांच्या कॅसेट मांडलेल्या असत. प्रल्हाद शिंदे एका भोंग्यातून, विठ्ठल उमप दुसऱ्यातून. पुढे तिथे सीडी आल्या, मग पेन ड्राइव्ह. आता खिशातल्या फोनवर सगळंच आहे, आणि तक्रार करावी असं त्यात काही नाही. शक्ती-तुऱ्याच्या गाण्यांचा सामना यूट्यूबवर अख्खा सापडतो. पूर्वी त्यासाठी रात्र जागवावी लागे.

टेपला मात्र लाल बटण होतं. ते दाबून घराघरांत बायकांची जात्यावरची गाणी, भजनी मंडळाचा गजर, बारशाचा गलका भरून ठेवला जाई. कॅसेटच्या मागच्या कडेची छोटी पट्टी मोडली, की त्यावर चुकून दुसरं भरलं जात नसे. २२ जुलै २०२१च्या पुरात महाडमध्ये घरंदारं बुडाली, रेंजही गेली, आणि अशा कॅसेटचे कितीतरी डबे चिखलात गेले. रेंज परत आली, विकतची गाणीही फोनवर परत आली. घरी भरलेलं कुठल्याच ॲपवर नव्हतं.

नातवंडं आता आजीला फोनवर रेकॉर्ड करतात, हे चांगलंच. फक्त हँडसेट बदलताना ते दुसरीकडे उतरवून घ्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.