पांढऱ्या उंदराचा हिशेब

उंदीर म्हटला की तपकिरी, हे आपण इतके गृहीत धरतो की त्याच्या रंगाकडे कुणी बघतच नाही. वास्तविक तो एक रंग नव्हेच. केस बुडाशी काळसर आणि टोकाजवळ पिवळट पट्ट्याचा. दुरून दोन्ही मिसळून मातीसारखे दिसतात. पट्टा घालणारे जनुक बिघडले की उंदीर निव्वळ काळा होतो. रंगद्रव्यासाठी लागणारे टायरोसिनेजच बिघडले, तर पांढरा, लाल डोळ्यांचा.

असा एक गणपतीच्या दिवसांत रविवार पेठेतल्या काकांच्या गोदामात सापळ्यात सापडला. "बिळी इली!" म्हणत म्हातारे हमाल मागे सरले. देवाचे वाहन, मी बुडवणार नाही, म्हणाले. काका वैतागले : "पोते फोडताना तो रंग बघून फोडतो काय?" मला दोघांचेही पटत होते, हीच पंचाईत! शेवटी हमालांनीच सापळा मागच्या बोळात नेऊन उघडला. पुढचे मांजरांना ठाऊक.

त्याचे आईबाप मात्र तपकिरी असू शकतात. दोघांनीही बिघाडाची एकेक प्रत लपवून बाळगली असेल, तर चार पिलांमागे सरासरी एक पांढरे निघते. आमच्या कॉमर्सच्या भाषेत, ताळेबंदात न दाखवलेले देणे! ते उघडे पडले की घुबड आणि मांजर वसुलीला हजर. छपलेले मात्र पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप.

बिकानेरजवळच्या देशनोकला, करणीमातेच्या मंदिरात, उंदरांना अभय आहे. घारींपासून बचावासाठी वर जाळीसुद्धा आहे. पांढरा दिसणे तिथे शुभ मानतात. तरी हजारोंच्या त्या गर्दीत पांढरे मोजकेच. कारण अभय मिळाले तरी जोड्या कुणी जुळवत नाही.

जोड्या जुळवल्या त्या लंडनच्या जॅक ब्लॅकने. हा एकोणिसाव्या शतकातला उंदीर पकडणारा, स्वतःला राणी व्हिक्टोरियाचा माणूस म्हणवणारा. हेन्री मेह्यू या पत्रकाराला त्याने सांगितले, की हॅम्पस्टेडला त्याला पांढरा उंदीर मिळाला आणि त्यावरून त्याने रंगीबेरंगी वाण काढले. तरुण मुली ते खारींच्या पिंजऱ्यात पाळीत. मारण्याचेही पैसे, जगवण्याचेही! धंदा कळणारा माणूस.

प्रयोगशाळांतल्या पांढऱ्या उंदरांचा मूळपुरुष ब्लॅककडचाच, असे मात्र म्हणता येत नाही. पण 2012 मध्ये जपानी संशोधकांनी अशा 117 पांढऱ्या वाणांची जनुके तपासली, तेव्हा सर्वांत टायरोसिनेजचा तोच एक बिघाड निघाला. म्हणजे कुठेतरी एकच उंदीर वाचला होता, आणि कुणीतरी त्याला जोडीदार शोधून दिला होता.