तळ्याकाठचा समुद्र

भंडारा जिल्ह्यातील मुलाला समुद्र प्रथम भेटतो तो शब्दांतून. लाटेचा स्पर्श शेकडो मैल दूर असतो. तरीही त्याचे समुद्राशी नाते नाही, असे मला वाटत नाही. वैनगंगा भंडारा, पवनी ओलांडून वर्धेला मिळते, प्राणहिता होते आणि गोदावरीच्या ओंजळीतून बंगालच्या उपसागरात पोचते. समुद्राची राखण म्हणूनच आमच्या तळ्याकाठी सुरू होते.

ढिवर आजोबा नातवाला जाळ्यातील मासा दाखवून त्याचे नाव सांगतात, तो कोणत्या गवतात अंडी घालतो हेही सांगतात. भाषेच्या अभ्यासकाला ती मला केवळ शब्दसंपदा वाटत नाही. पिढ्यांचे निरीक्षण त्या नावांत साठलेले असते. पण कोहळींनी बांधलेल्या मालगुजारी तलावांत गाळ साचला, बेशरम माजली, रोहू-कतल्याच्या मत्स्यबीजावरच भर राहिला आणि स्थानिक मासे विरळ झाले. मासा दिसेनासा झाला की त्याचे नाव आजोबांच्या तोंडी उरते. नातवाला ते कशाचे नाव, हे कळत नाही.

या परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन काही तलावांतील बेशरम उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या. माशांना पुन्हा आसरा मिळाला.

मला या कामात कोशरचनेचेही मोल दिसते. शब्द वाचवायचा तर त्याचा अर्थ पाण्यात पोहत राहिला पाहिजे. ज्या मुलाला आपल्या तळ्यातील मासे नावाने ओळखता येतात, त्याला न पाहिलेल्या समुद्रातील जीवही परके वाटणार नाहीत.